खंडेनवमीचा गोळा

शके, कावळा लगेच शिवला गं.

दशक्रियेला प्रवरेकाठी अर्धं गाव जमलं होतं. पिंड मांडून लोक मागे सरकतात न सरकतात तोच कावळा आला, घास उचलला आणि गेला. "काकीची काय बी इच्छा राह्यली न्हाई," तुझा पुतण्या म्हणाला आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मला मात्र रागच आला. माझ्यासाठी तरी त्या कावळ्याला जरा थांबवायचं होतंस. आपल्या दोघींचं एक बोलणं अर्धवट राहिलंय, ते तुला ठाऊक नव्हतं होय? पण तुझी सवयच ती, कुणाला खोळंबून ठेवायचं नाही. आयुष्यात एकदाच तुझ्या नावावर गाडी खोळंबली, आणि तीसुद्धा तू खोळंबवली नव्हतीस.

वाचनालयाची पोरं परवा घरी आली. आपल्या बंद स्टेशनच्या इमारतीत त्यांनी वाचनालय थाटलंय, आता स्टेशनच्या इतिहासाची पुस्तिका काढतायत. म्हणाली, "आजी, शकूआजीवर दोन पानं तुम्हीच लिहा, तुम्ही शेजारी." शेजारी! क्वार्टरच्या एका भिंतीला दोन्ही बाजूंनी आपण बावीस वर्षं खिळे ठोकले. माझा खिळा तुझ्याकडे निघायचा आणि तू त्याला कंदील अडकवायचीस. तुझा जन्म कुठला, मागे कोण कोण, ते दशक्रियेच्या पत्रिकेवर छापून झालंय. मी आपली तुझ्याशीच बोलते. छापायचं ते छापू देत.

मी इथं आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि डोक्यात नुसती हवा. माहेर सोनईचं. तिकडं रेल्वे नाही, त्यामुळे स्टेशन मास्तरची बायको म्हणजे गाडीची मालकीण, असा माझा पक्का समज. सकाळच्या गाडीच्या वेळेला मी पावडर लावून खिडकीत उभी राहायची. धूर सोडत, शिट्ट्या मारत ते एवढं मोठं इंजिन यायचं आणि बरोब्बर माझ्या खिडकीसमोर थांबायचं. मला वाटायचं, काय हा आपला मान! जंक्शनपासून आपल्यापर्यंत एकच लाईन होती आणि आपल्या पुढे रूळच नव्हते, त्यामुळे गाडीला थांबण्यावाचून इलाजच नव्हता, हे लक्षात यायला या बाईला सहा महिने लागले.

तू पहिल्यांदा बोललीस तेही त्याच खिडकीपाशी. कडेवर तुझी रंजना, दुसऱ्या हातात दोन बादल्या.

"ओ मास्तरीनबाई, पावडर लावून आंघूळ व्हती का? बादली घ्या अन् चला."

"कुठं?"

"विंजिनाकडं. डायवर गरम पानी सोडतोय. मालकीन हाय ना तुमी गाडीच्या? मग आपला हिस्सा घ्या की."

म्हणजे माझी मालकी सगळ्या स्टेशनला कळलेली होती. मी तोऱ्यात गेले, बादली नळाखाली धरली आणि पायावर उकळतं पाणी घेऊन परत आले. तू कोरफड चिरून लावलीस, आणि लावताना इतकी हसलीस की रंजनाही हसायला लागली. पाय पंधरा दिवसांत बरा झाला. मी मात्र त्या दिवसापासून तुझी झाले.

पोरांना इतिहास हवाय. मी त्यांना काय सांगणार? कारखान्याचा भोंगा झाला की कणीक मळायला घ्यायची, आणि मालगाडी हलली की तवा ठेवायचा. गळीत हंगामात मळीचा वास पोळीच्या घासातसुद्धा यायचा. उसाच्या बैलगाड्यांची रांग स्टेशनच्या कुंपणापर्यंत लागायची, आणि तू कुंपणातून हात घालून कांडं ओढायचीस. गाडीवान ओरडला की म्हणायचीस, "मास्तरीनबायनी सांगितलंय." साखरेची पोती डब्यात भरताना फलाटावर साखर सांडायची आणि मुंग्या आपल्यापेक्षा जास्त शिस्तीत ड्युटीवर असायच्या. हे पुस्तिकेत शोभतं की नाही, देव जाणे. पण पोरांना सगळ्यात जास्त हवी होती ती गोळ्याची गोष्ट. सगळ्या गावाला तीच हवी असते.

नव्या लोकांना गोळा म्हणजे काय ते ठाऊक नाही, म्हणून सांगते. एकच लाईन असली की दोन गाड्या समोरासमोर यायची भीती. म्हणून जंक्शनला एक मशीन आणि आपल्या ऑफिसात एक. जंक्शनच्या मशीनमधून लोखंडी गोळा निघायचा, पेरूएवढा, त्यावर अक्षरं कोरलेली. तो ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलायची नाही. गाडी आपल्याकडे पोचली की पॉइंट्समन, म्हणजे तुझे यजमान किसनभाऊ, तो गोळा घेऊन मास्तरांच्या हातात द्यायचे आणि मास्तर तो मशीनमध्ये टाकायचे. तो आत पडला की मगच जंक्शनहून पुढची गाडी सुटू शकायची. गोळा बाहेर राहिला तर लाईन अडली. सगळ्या स्टेशनचा जीव त्या गोळ्यात. नियम असा की हातातून हातात द्यायचा, मध्ये कुठंही ठेवायचा नाही.

आणि गावाला ठाऊक असलेली गोष्ट अशी: एका खंडेनवमीला पॉइंट्समनची बायको ऑफिसातून गोळा उचलून घरी घेऊन गेली, रडणाऱ्या पोरीला खेळायला दिला आणि विसरली. अडीच तास मालगाडी जंक्शनला उभी राहिली. कारखान्याचे रिकामे डबे आले नाहीत, साखर फलाटावर पडून राहिली. वरून साहेब आला, चौकशी झाली, किसनभाऊंना स्टेशनवरून काढून रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये घातलं. तेव्हापासून तू गोळेवाली शकू आणि तुझी पोर गोळेवालीची रंजी.

ही गोष्ट तू स्वतः इतकी रंगवून सांगायचीस, शके, की कधी कधी मलाही खरी वाटायची.

खरं काय झालं ते आपण दोघी जाणतो. तुझ्या तोंडून ते कधी निघालं नाही, तू असेपर्यंत माझ्या तोंडूनही नाही.

खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा करायची. कारखान्यात यंत्रांना झेंडूचे हार, गाडीवानांनी चाकांना कुंकू लावलेलं. मग आपण कशात कमी? मी लाल-हिरव्या झेंड्या मांडल्या, कंदील मांडले, ह्यांची शिट्टीसुद्धा मांडली. आणि मग मला वाटलं, या सगळ्यात मुख्य देव तर बाहेरच राहिला! आदल्या दिवशी मी ह्यांना म्हणाले होते, "गोळा द्या ना, पाच मिनिटं." हे म्हणाले, "वेड लागलंय का?" संपला विषय. पण गाडीच्या मालकिणीला नाही म्हणणारे हे कोण!

सकाळची गाडी आली तेव्हा हे मालडब्यांपाशी कारखान्याच्या कारकुनाशी वाद घालत होते. किसनभाऊंनी वाट पाहिली, मग गोळा टेबलावर ठेवला आणि ह्यांना बोलवायला गेले. तेवढ्यात मी मागच्या दारानं आत शिरले, गोळा पदरात घेतला आणि घर गाठलं. चिंचेनं घासला, हळदकुंकू लावलं, ताटात तांदळाच्या राशीवर बसवला. काय दिसत होता म्हणून सांगू! मी हात जोडले, आणि पुरण करपतंय असा वास आला म्हणून स्वयंपाकघरात पळाले. मग पुरण, मग कटाची आमटी. देव राहिला देवाच्या जागी.

दारात हे आले तेव्हा घामानं निथळत होते. "गोळा पाहिलास?"

एवढं सोपं होतं. हो म्हणायचं आणि ताट पुढे करायचं. शिव्या खाल्ल्या असत्या. पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि ती पावडरवाली बया म्हणाली, "कसला गोळा?"

हे गेल्यावर मी तो उचलला आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसला. आता काय करायचं याचा विचार करत चुलीपाशी बसून राहिले. बाहेर सगळं स्टेशन शोधत होतं. किसनभाऊ रुळांमधली खडी हातानं उपसत होते. तास गेला, दोन गेले. दर दहा मिनिटांनी जंक्शनचा फोन वाजत होता. घंटा वाजली की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि खरा गोळा डब्यात.

मग तू आलीस, प्रसाद मागायचं निमित्त करून. पूजेच्या ताटाकडे पाहिलंस. तांदळाच्या राशीत वाटीएवढा खळगा होता आणि त्याच्या कडेनं हळद. सरळ डब्यात कोपरापर्यंत हात घातलास, गोळा काढलास, पदराला पुसलास.

"मास्तर घरी जातील, म्हायती हाय का तुला?" एवढंच म्हणालीस. "नोकरी पक्की न्हाई अजून त्यांची. अन् बायकूनंच नेला म्हनल्यावर?"

"शके..."

"गप. पुरन करपतंय परत."

आणि तू चालत गेलीस. मी दारातून पाहिलं. ऑफिससमोर सगळे उभे होते, त्यांच्या मधोमध जाऊन तू हात पुढे केलास. "ह्यो घ्या. टेबलावनं मी नेल्ता. पोर रडत हुती, दिला खेळायला." ह्यांनी गोळा घेतला. कोरलेल्या अक्षरांमध्ये हळद राहिली होती. ह्यांनी ती पाहिली. मग खिशातून रुमाल काढला, ती अक्षरं पुसली आणि गोळा मशीनमध्ये टाकला. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल यापलीकडे कधीच काही झालं नाही. ह्यांनी खंडेनवमीला पुरणपोळी मात्र पुन्हा कधी खाल्ली नाही. मी पानात वाढायची, हे बाजूला काढून ठेवायचे.

का केलंस, हे मी तुला किती वेळा विचारलं असेल! दर वेळी उत्तर वेगळं. एकदा म्हणालीस, "नवा मास्तर आला असता, त्याची बायकू शानी निघाली असती तर मी हसले कुनाला असते?" एकदा म्हणालीस, "तुझं तोंड बगितलं, करपलेल्या पुरनावानी झाल्तं." फक्त एकदा, गहू निवडता निवडता, मान वर न करता म्हणालीस, "मला वाटलं शिव्यांवर भागंल. गँगमंदी घालतील असं न्हवतं वाटलं." मी चूक केली आणि तू हिशेबात चुकलीस. आपल्या दोघींच्या चुकीचे घाव त्या माणसानं खांद्यावर घेतले. उन्हातान्हात रूळ ठोकत किसनभाऊ निवृत्त झाले. महिनाभर ते तुझ्याशी बोलले नव्हते. भिंतीपलीकडून मला ते न बोलणं ऐकू यायचं.

मग कारखान्याची साखर ट्रकनं जायला लागली. मालडबे कमी झाले, वाफेची इंजिनं गेली, त्यांच्याबरोबर आपलं गरम पाणी गेलं. पुढे कारखानाच बंद पडला आणि एक दिवस नोटीस लागली की उद्याची गाडी शेवटची. दोन डब्यांची डिझेल गाडी. अख्खं गाव फोटो काढायला आलं. आपण दोघी ऐटीत चढलो, जंक्शनपर्यंत गेलो, भजी खाल्ली, आणि मग तू कपाळाला हात लावलास. "अगं मास्तरने, परत यायला गाडीच न्हाई की!"

आपण एसटीनं परत आलो. त्या एसटीत मी विषय काढला. म्हटलं, "शके, हे निवृत्त झाले, स्टेशन बंद झालं. आता कोण काय करणारे? सांगू दे मला किसनभाऊंना."

"त्यास्नी? एका बाईवर राग धरून निम्मा जलम काडला त्यांनी. आता ह्यो राग दुसरीवर ठिवा म्हनू? थकल्यात ते. ऱ्हाऊ दे."

"आणि रंजी? तिला वाटतं, आपण रडलो म्हणून हे झालं."

तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. बाभळी गेल्या, एक वीटभट्टी गेली. मग म्हणालीस, "रंजीला मी सांगन."

त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं आरामात झोपले. तू सांगशील, म्हणजे मला सांगायला नको. किसनभाऊ गेले, माझे हे गेले, रंजीला नातवंडं झाली. मी कधी विचारलं नाही, सांगितलंस का. कारण नाही म्हणाली असतीस तर?

महिन्यापूर्वी पोरं मोबाईल घेऊन तुझ्या ओट्यावर आली. तू बाजेवर पडून होतीस, आवाज बारीक झालेला, पण गोळ्याची गोष्ट म्हटल्यावर उठून बसलीस. सगळी सांगितलीस, रंजी कशी रडत होती तेही हातवारे करून. आणि सांगून झाल्यावर माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मला अजून दिसतं. पोरं थांबली होती, मोबाईल चालू होता. त्या बघण्यात 'आता तू सांग' होतं, की 'गप बस' होतं? मी ठरवलं की गप बसच असणार. हसले, आणि मोठ्यानं म्हणाले, "चहा टाका गं कुणीतरी." तू मान खाली घातलीस आणि परत आडवी झालीस. त्यानंतर बारा दिवसांनी तू गेलीस.

दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं झाली. तिसऱ्या की चौथ्या वक्त्यानं माईक हातात घेऊन तीच गोष्ट सांगितली. लोक हसले. नदीकाठीसुद्धा लोकांना हसू आवरत नाही अशी गोष्ट आहे ती. मी रंजनाकडे पाहिलं. ती पण हसली, जसं घरच्या माणसानं हसायचं असतं तसं, आणि पदर पुढे ओढला. साठीला टेकलेली बाई, पण मला कडेवरची पोर दिसली.

दुपारी तिला घेऊन मी स्टेशनवर गेले. वाचनालयात तुझा फोटो लावायचा होता ना. फोटो लावून झाल्यावर फलाटाच्या बाकावर बसवलं आणि सांगायला लागले. पावडरपासून सुरुवात केली. पायावर पाणी घेतलं तेव्हा ती हसली. पुरणापर्यंत ती हसत होती. तांदळाच्या डब्यापाशी तिचं हसू गेलं.

"मावशी, थांब," म्हणाली.

मी थांबले.

"बाबांचा उजवा खांदा उतरल्याला हुता. रोज सांजच्याला मी तेल चोळायचे. चोळताना मनातल्या मनात त्यांची माफी मागायचे. रडले म्हनून. मला तर रडल्यालं आठवत बी न्हाई."

"अगं, मी तेव्हा येडीच..."

"मावशी, तू लई गोड बोलती. समद्यास्नी हसवती. आई बी हसायची. पन ह्ये हसवून सांगू नको." ती उठली आणि जिथं पूर्वी रूळ होते तिथून, झाडाझुडपांतून, सरळ निघून गेली. मागे वळली नाही.

तीन दिवसांनी सकाळी राहुरीहून तिचा फोन. "पोरांनी आईवर लिवायला सांगितलंय म्हनं तुला. लिवलं का?"

"नाही अजून."

"लिही. छापायला दे. अन् हसू आनू नको त्यात." फोन ठेवला.

शके, मी वरचं सगळं लिहिलं आणि मग वाचून पाहिलं. जागोजागी हसू पसरलंय. पावडर आणली, पुरण आणलं, पोटातला गोळासुद्धा सोडला नाही. त्या एकोणीस वर्षांच्या बयेची मी जन्मभर टिंगल केली, लोक म्हणतात आजी किती दिलखुलास. आत्ता कळतंय, तिला येडी म्हटलं की तिला जाब विचारावा लागत नव्हता. आणि ती काही एकोणीस वर्षांचीच राहिली नव्हती. त्या दिवशी तुझ्या ओट्यावर चहा मागितला तो तिनंच.

कापून टाकणार होते हे सगळं. पण तुझ्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत मी बोललेच नाही गं, म्हणून राहू दिलं. खाली लिहिते ते मात्र रंजनासाठी आहे. पोरांनी पुस्तिकेत गोळ्याच्या गोष्टीच्या जागी तेवढंच छापावं. तुला ते वाचून हसू येईल. "लई सरकारी लिवलंस," म्हणशील. म्हण.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळच्या गाडीचा गोळा किसन पॉइंट्समन यांनी मास्तर बाहेर असल्यामुळे टेबलावर ठेवला. त्यांची चूक एवढीच. तिथून तो मी उचलला, कुणालाही न विचारता. घरी पूजेला नेला. शोध सुरू झाल्यावर मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले आणि गोळा तांदळात लपवला. शकुंतलेनं तो काढून परत केला आणि माझं नाव घेतलं नाही. तिच्या नवऱ्याला शिक्षा झाली तेव्हा मी गप्प राहिले. त्यानंतरही राहिले.

रंजना त्या दिवशी रडत नव्हती. ती सकाळपासून माझ्याच घरात, झोळीत झोपली होती.